चाकघरातला टेलिफोन

माझ्या आत्याला सगळे हॅलोआत्या म्हणतात. आम्ही भाचरं तर म्हणतोच, पण शेजारचे, दूध टाकणारा, बँकेतला शिपाई, सगळ्यांचीच ती हॅलोआत्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिनं सगळी नोकरी काढली. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी दाराची कडी वाजली की ती आतून ‘कोण आहे?’ असं विचारत नाही, ‘हॅलो?’ म्हणते. वाजवणाराही मग नकळत ‘हॅलो’ म्हणतो आणि पुढे काय बोलायचं ते विसरतो.

तिच्या पोटात गावातल्या निम्म्या घरांची कुलंगडी आहेत असा सगळ्यांचा समज होता. हातानं प्लग लावून लाइन जोडायचे ते दिवस. कोण कुणाशी काय बोललं हे ऑपरेटरच्या कानावर पडायचंच. पण आत्यानं कधी कुणाची गोष्ट कुणाला सांगितली नाही. लग्नाघरी बायका तिला खोदून खोदून विचारायच्या. ती म्हणायची, ‘लाइन खराब होती गं, काही ऐकू आलं नाही.’

गेल्या वर्षी एका सकाळी तिला कालव्याच्या कचेरीतून फोन आला. बोलणाऱ्या बाई जुन्या वस्तू जपायचं काम करायच्या. कालव्याच्या तोंडाशी असलेलं जुनं चाकघर डागडुजी करून लोकांना बघायला खुलं करायचं ठरलं होतं, आणि ते काम या बाईंकडे होतं. लोखंडी कपाट हलवलं तर मागे भिंतीवर एक लाकडी टेलिफोन निघाला, म्हणाल्या. कचेरीत कुणालाच त्याची माहिती नाही. तुम्ही याल का?

आत्यानं फोन दुसऱ्या कानाला धरला. मग म्हणाली, ‘येते. माझा भाचा आणेल.’ फोन ठेवून माझ्याकडे वळली. ‘तुला वेळ आहे ना रे?’

माझं चष्म्याचं दुकान आहे. ते त्या दिवशी बंद ठेवलं.

चाकघर म्हणजे आत्याचं माहेर. माझे आजोबा तिथे नोकरीला होते. कालव्याची लोखंडी दारं मोठमोठ्या चाकांनी वरखाली करायची, पाणी किती सोडायचं ते कचेरीतून टेलिफोनवर कळायचं. खाली पाण्यावर चाकांचा कट्टा, वर टेलिफोनची खोली, तिला लागून स्वयंपाकघर आणि एक झोपायची खोली. आत्या आणि माझे बाबा तिथेच वाढले. आम्ही भाचरं झालो तेव्हा आजोबा नव्हते, चाकंही नव्हती. दारं मोटरवर चालू लागली होती. आजी तेव्हा आत्याकडे राहायची. चाकघर मी फक्त पुलावरून जाताना बघितलेलं.

आम्ही पोचलो तेव्हा रंगाऱ्यांची शिडी दारात आडवी होती. आत धुळीनं डोळे चुरचुरत होते. बाई हसतमुख होत्या, वयानं माझ्याएवढ्याच, कोपरापर्यंत चुना लागलेला. त्यांनी भिंतीकडे बोट केलं. शिसवीसारख्या काळपट लाकडाची उभी पेटी. डाव्या हाताला आकड्यावर रिसीव्हर, उजव्या बाजूला फिरवायचं हँडल, समोर बोलायचं काळं तोंड, खाली कुलूप असलेलं झाकण. हँडलच्या वर आणखी एक आकडा होता. रंगाऱ्यांनी त्याच्यावर आपल्या टोप्या अडकवल्या होत्या.

‘रेल्वेत असायचे तसला वाटतो,’ बाई म्हणाल्या. ‘पण त्यांच्या घंटा बाहेर असतात, वर. याला घंटा दिसतच नाहीत.’

आत्यानं टोप्या काढून रंगाऱ्याच्या हातात दिल्या. ‘घंटा आत आहेत. खाली दारांवरून पाणी उडायचं, सगळी खोली दमट व्हायची. गंजू नयेत म्हणून आत.’ मग पेटीच्या उजव्या कडेला तिनं बोट फिरवलं. तिथे पुट्टी भरून बुजवलेलं एक भोक होतं. ‘आणि इथून विणलेल्या वायरची दुसरी दोरी निघायची. हा आकडा टोप्यांचा नाही. दुसऱ्या रिसीव्हरचा आहे.’

बाईंचे डोळे चमकले. ‘दोन रिसीव्हर? दोन्ही कानांना?’

‘पाण्याचा आवाज केवढा असायचा! एक कान मोकळा ठेवला तर काही कळायचं नाही. बाबा दोन्ही लावायचे. आणि काही महत्त्वाचं नसलं की दुसरा आईला द्यायचे.’

बाईंनी पिशवीतून फोटोंची फाइल काढली. तिच्यात अशाच पेटीचा एक धूसर फोटो होता, झाकण नसलेला, रिसीव्हर नसलेला. पाण्याच्या कामांसाठी कुठल्याशा छोट्या कारखान्यानं मोजकेच केलेले, म्हणाल्या. अख्खा त्यांनी अजून पाहिला नव्हता. दोघी मग डोक्याला डोकं लावून पेटीभोवती फिरल्या. स्क्रूच्या खाचा, दोऱ्यांचं विणकाम, लाकडाचे सांधे. एकीला वस्तू माहीत होती, दुसरीला ती इथे कशी वागायची ते माहीत होतं. एकीचं अडलं की दुसरी पुढे सरायची. मी दुकानातून आणलेलं भिंग धरून उभा होतो. बोलायच्या तोंडाच्या खाली लाकूड एके ठिकाणी गुळगुळीत, फिकं झालं होतं.

‘बाबांची हनुवटी,’ आत्या म्हणाली. ‘वाकून बोलायचे.’

बाईंनी रंगाऱ्यांना लगेच सांगितलं, याच्यावर पॉलिशचा थेंबही पडता कामा नये.

आता झाकण. किल्ली अर्थातच नव्हती. मुकादम ड्रिल घेऊनच आला होता. ‘बाई, दोन मिनिटांचं काम आहे. कुलूप उडवतो.’

‘आधी मला उडवा,’ बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कुलूपवाला आला. गोल पोटाचा, गप्पिष्ट माणूस. कुलपाशी असा बोलायचा जसं एखाद्या रुसलेल्या पाव्हण्याशी बोलतोय. ‘काय साहेब, किती वर्षं तोंड बंद? बोला की आता.’ त्यानं कोरी किल्ली मेणबत्तीवर धरून काजळी धरवली, कुलपात सरकवली, हलकेच पिळली आणि बाहेर काढली. काजळीत बारीक ओरखडे उठले होते. तेवढ्याच जागी कानस मारली. पुन्हा काजळी, पुन्हा पीळ, पुन्हा कानस. मधेच आत्याला विचारलं, ‘मावशी, आत सोनंबिनं आहे का? असेल तर आधी सांगा, म्हणजे हात थरथरायला नको.’

‘सोनं असतं तर तुम्हाला बोलावलं असतं का?’ आत्या म्हणाली. कुलूपवाला खो खो हसला, आणि त्या हसण्यातच किल्ली फिरली.

आत कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं. खालच्या कप्प्यातल्या सेलांना पांढरी-हिरवी बुरशीसारखी खरपुडी आली होती. मधे दोन पितळी घंटा, चांगल्या वाटीएवढ्या, आणि त्यांच्यामध्ये दोन्हींवर आपटणारा टोला. टोल्याच्या गुंडीवर काहीतरी काळपट होतं. बाईंना आधी कोळ्याचं जाळं वाटलं. त्यांनी ब्रशनं झटकलं, ते हललं नाही.

‘कापड आहे,’ त्या म्हणाल्या. ‘लोकरीचं. शिवलंय हो कुणीतरी.’

मी भिंग दिलं. टोल्याच्या गुंडीला लोकरीची इवलीशी टोपी घातलेली होती, दुहेरी, कडेला हेम घातलेली, खाली दोऱ्यानं घट्ट आवळलेली. टाके इतके बारीक आणि सारखे की बिनभिंगाचे दिसू नयेत.

आत्यानं भिंग घेतलं. बराच वेळ बघत राहिली. ‘ही आईची हेम आहे,’ म्हणाली. ‘आणि कापड बाबांच्या नोकरीतल्या कोटाचं.’

बाई म्हणाल्या, ‘घंटेचा आवाज कमी करायला घातली असेल. पण इथे? इथे तर घंटा मोठ्यानं वाजणंच गरजेचं.’

आत्यानं भिंग माझ्या हातात दिलं आणि ती खाली कट्ट्यावर जाऊन उभी राहिली. मी मागोमाग गेलो. पाणी शांत होतं. तिथे तिनं मला जे सांगितलं ते तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. माझ्या बाबांनाही नाही.

एक्स्चेंजमध्ये लागली तेव्हा ती शहरात मुलींच्या वसतिगृहात राहायची. एकदा कालव्याच्या मोठ्या साहेबांचा ट्रंक कॉल तिच्या बोर्डावर आला. लाइन सारखी तुटत होती म्हणून तिला मधेमधे कान द्यावा लागला. दारांना मोटर बसणार, चाकं निघणार, चाकघरातल्या माणसाला काम उरणार नाही, असं ते बोलणं होतं. आत्या गप्प राहिली. पुढे बरेच दिवसांनी आजोबांच्या हातात कागद पडला. सुट्टीला घरी गेली तेव्हा त्यांनी विचारलं, ‘हे तुझ्या बोर्डावरनंच गेलं असणार. तुला ठाऊक होतं?’

‘मी हो म्हणाले,’ आत्या म्हणाली. ‘खोटं कसं बोलणार? म्हटलं, बाबा, ऐकलेलं सांगायचं नसतं. तुम्हीच शिकवलंत. लहानपणी दुसरा रिसीव्हर माझ्या कानाला लावायचे तेव्हा हेच सांगायचे. ऐकलेलं इथेच ठेवायचं. पाण्याचा आकडा बाहेर गेला तर शेतकऱ्यांत मारामाऱ्या होतील.’

‘मग?’

‘मग काय. उठून बाहेर गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.’

चाकं काढून नेली. आजोबा-आजींना खोल्या मात्र राहू दिल्या, टेलिफोनही राहिला. दुपारी बोर्डावर सामसूम असली की आत्या चाकघराची घंटा वाजवायची. आधी एक-दोनदा आजोबांनी उचलला, हं-हं केलं. नंतर कुणी उचलेना. ती रोज वाजवायची, रोज तसंच. दोनदा घरी गेली. एकदा ते झोपले होते, एकदा भिंतीकडे तोंड करून बसले होते. वळलेसुद्धा नाहीत. तिलाही राग आला. गेली नाही पुन्हा. उन्हाळा संपता संपता निरोप आला की आजोबा गेले.

‘फोन वाजतोय, माझाच आहे हे त्यांना कळतंय, आणि मुद्दाम उचलत नाहीत. इतकी वर्षं मी हेच धरून बसले,’ ती म्हणाली. ‘आणि आतल्या घंटेला आईनं टोपी घातलेली!’

बाईंना दुसरा रिसीव्हर हवा होता, आणि आत्याला आणखी काही. दोन्हींसाठी एकच माणूस उरला होता. तेलवाले काका. आजोबांच्या हाताखाली चाकांना तेल-वंगण करायचे. आता खूपच थकले आहेत, सुनेकडे असतात, पण कान शाबूत. आम्ही गेलो तर बाजेवर बसून मोज्यांची जोडी लावत होते.

‘हॅलोबाई!’ त्यांनी आवाजावरूनच ओळखलं. ‘लाइन आज कुणीकडे जोडली?’

रिसीव्हरचं विचारल्यावर त्यांनी सुनेला हाक मारली. सून आतून एक काळा, गोल, जड डबा घेऊन आली. पाण्याच्या पिंपावरचं झाकण मांजर पाडायचं, म्हणून त्याच्यावर वजन ठेवायला वापरात होता. ‘मालक गेल्यावर सामान काढलं तेव्हा मी हे मागून घेतलं,’ काका म्हणाले. ‘आठवण म्हणून. मग मांजर आलं.’

आत्यानं तो दोन्ही हातांत घेतला. मग विचारलं, ‘काका, घंटेवर कापड आईनं घातलं होतं?’

काकांनी मोजे बाजूला ठेवले. ‘तुला सांगितलं नाही तिनं?’

‘नाही.’

‘घंटा वाजली की तुझा बाप धावत सुटायचा गं. चाकं काढून नेलेली, कट्ट्याचे कठडेही काढलेले, नुसत्या फळ्या टाकलेल्या. त्याला ते ध्यानातच राहायचं नाही. घंटा म्हणजे पाणी वाढलं, दारं उचला, एवढंच डोक्यात. एकदा मीच त्याला फळीवरनं मागे ओढला. चाक नाही तिथे हात फिरवत होता नुसता. तुझी आई वरून बघत होती.’ त्यांनी मोजे पुन्हा हातात घेतले. ‘दुसऱ्या दिवशी तिनं कोट उसवला.’

‘डॉक्टरला दाखवलं का कुणी?’ मी विचारलं.

‘काय दाखवणार? दिवसभर ठीक असायचा. मला नावानं हाक मारायचा, हिशेबात पक्का. घंटा वाजली की मात्र गेला कामातून.’

परतताना गाडीत आत्या एकदाच बोलली. ‘भिंतीकडे तोंड करून बसले होते ना, तेव्हा मी जवळ जाऊन बघायला हवं होतं.’ मग तिनं रिसीव्हर मांडीवर नीट धरला आणि ती खिडकीबाहेर बघायला लागली.

पुढचे काही आठवडे बाईंनी त्या पेटीवर काम केलं. आत्या दर दोन दिवसांनी जायची. मातीचं घर ओलं न करता सुटं केलं. खरपुडी लाकडी काडीनं खरवडून, कापसानं टिपून काढली. पितळ चकचकीत करायचं नाही, फक्त हिरवं चढलंय तेवढंच पुसायचं. लाकडाला मेणाचा अगदी पातळ हात, हनुवटीच्या जागी तोही नाही. दोऱ्यांचं वरचं विणकाम उसवलं होतं, ते आत्यानं स्वतः सुईनं धरून घेतलं. ‘बोर्डावरच्या दोऱ्या आम्हीच शिवायचो,’ म्हणाली. दुसरा रिसीव्हर पुन्हा त्याच्या आकड्यावर बसला.

राहिली टोपी. बाईंनी स्पष्ट सांगितलं, ‘ती तशीच ठेवता येणार नाही. लोकर दमट हवा धरून ठेवते, पितळाला खाईल. शिवाय कसर लागेल. टोपी वेगळी काढून डबीत जपावी लागेल.’

‘काढा,’ आत्या म्हणाली. ‘पण काढायच्या आधी मला एकदा वाजवून दाखवा.’

बाईंकडे लाइन तपासायची हातपेटी होती. हँडल फिरवलं की पलीकडची घंटा वाजते. तिची तार टेलिफोनला जोडून बाई बाहेर जिन्यापाशी बसल्या. आत्या आधी झोपायच्या खोलीत उभी राहिली. बाईंनी हँडल फिरवलं. काही नाही. मग कट्ट्यावर. काही नाही. मग ती स्वयंपाकघरात गेली, मी तिच्याबरोबर. रिकामी खोली, एका भिंतीला ओट्याची खूण. त्या भिंतीच्या पलीकडेच टेलिफोन.

‘फिरवा,’ तिनं हाक दिली.

भिंतीतून आवाज आला. टप टप टप टप. कुणी बोटानं लाकडावर वाजवावं तसा. इतका हलका की मी श्वास रोखला तेव्हाच कळला.

आत्या ओट्याच्या खुणेपाशी खाली बसली. ‘दुपारी आई इथेच असायची,’ म्हणाली. ‘निवडत, टिपत.’

‘मग तिला ऐकू येत होतं?’

‘येत असणार.’

‘मग उचलला का नाही?’

‘तिनं टेलिफोन कधीच उचलला नाही रे. सरकारी वस्तू. बाबा द्यायचे तेव्हा दुसरा रिसीव्हर कानाला लावायची, तेवढंच. त्याच्यात बोलायची सोयच नसते, नुसतं ऐकायचं.’ तिनं तळहात भिंतीवर ठेवला. ‘थांबू नका म्हणावं बाईंना. अजून थोडं फिरवू देत.’

बाई फिरवत राहिल्या. आत्या भिंतीला हात लावून बसून राहिली. मी हळूच बाहेर आलो.

टोपी काढल्यावर बाईंनी पुन्हा एकदा हँडल फिरवलं. ती घंटा काय दणाणली! खालचे रंगारी शिडीवरून उतरून पळत आले, काय झालं म्हणून.

बाबांना हे सगळं आत्यानंच सांगितलं. ते त्या काळात दूरच्या गावी शिकायला होते, त्यांना भांडणाचंही नीट माहीत नव्हतं. आमच्या घरी चहा पिताना तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, मधे न थांबता. बाबांचा चहा निवून गेला.

‘पण आई नंतर तुझ्याकडेच राहिली की,’ ते म्हणाले. ‘एवढी वर्षं. एकदाही बोलली नाही?’

‘नाही.’

‘कमाल आहे बाई.’

‘तिला वाटलं असेल, मी विचारीन. मी कधी बाबांचं नाव काढलं नाही. तिनंही नाही काढलं.’ आत्यानं कप खाली ठेवला. ‘तू तरी विचारलंस का तिला कधी?’

‘मी काय विचारणार? मला वाटायचं, तुम्हा दोघींना सगळं माहीत आहे.’

मग बाबांना काहीतरी आठवलं. म्हणाले, ‘शेवटी शेवटी आजारी असताना आई मला म्हणाली होती, तुझी ताई मनानं फार चिवट आहे, रोज न चुकता. मी विचारलं, काय रोज? तर झोपली होती.’

आत्या उठली, बाबांचा गार चहा उचलून आत घेऊन गेली, आणि गरम करून आणायला तिला बराच वेळ लागला.

चाकघर खुलं झालं त्या समारंभाला ती गेली नाही. भाषणं ऐकून कान दुखतात म्हणाली. नंतर एका साध्या दिवशी बाबा, ती आणि मी असे तिघं गेलो. टेलिफोन जागेवर होता, शेजारी काचेखाली टोपी. एक आई आपल्या मुलीला समजावत होती की हे कापड घंटेची धूळ पुसायला ठेवायचे. मी आत्याकडे बघितलं. ती सांगेल असं वाटलं.

आत्या त्या मुलीजवळ गेली. ‘धुळीसाठी नाही बाळ,’ म्हणाली. ‘माझ्या आईनं शिवलीय ती. ये, बस इथे, सांगते.’